धरली का, अक्का?

लग्नात फोटोग्राफरला लोक आग्रहानं जेवायला बसवतात, भटजींना तर हात धरून बसवतात. माइकवाल्याकडे मात्र दोनदाच कुणी बघतं. एकदा "आवाज वाढवा" सांगायला आणि एकदा "आवाज कमी करा" सांगायला. बरेचदा ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी येतात, एक नवऱ्याच्या आजोबांकडून, एक नवरीच्या आजीकडून. आपण बटणाला हात लावल्यासारखं करायचं. दोघंही खूश होतात. उभा जन्म मी हे बटणाला हात लावल्यासारखं करण्याचं काम केलं, म्हणून या अंकाच्या संपादकबाईंना वाटलं की हिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

माझं मराठी वाचून पुण्याकडच्यांनी हसू नये. आम्ही बेंगळुरूचे जुने. कुठल्याशा फौजेबरोबर इथं आलो आणि परत जायचं विसरलो, त्याला आता तीन-चारशे वर्षं झाली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दुकानात जे गिऱ्हाईक बोलेल ते. आमच्या यांचं मल्लेश्वरममध्ये माइक सेटचं दुकान होतं. हे गेल्यावर ते माझं झालं आणि मी गल्लीची 'माइक अक्का' झाले.

बाहेरच्यांना हा धंदा म्हणजे बटणं वाटतो. खरं काम शिडीवर असतं. कर्णा उंच बांधला तर आवाज लांब जातो, आणि खाली ठेवला तर पुढच्या चार माणसांचे कान फुटतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. म्हणून एकानं खांबावर चढायचं आणि एकानं खाली शिडी धरायची. धरणाऱ्यानं बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची.

हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हाची मी म्हणजे एकोणीस वर्षांची, महिन्याभराची नवरी, मॅट्रिक पास, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी खात्री. एक माणूस कमी पडला म्हणून यांनी मला शिडी धरायला उभं केलं. वर बाशा. माझ्याच वयाचा, काडीसारखा, आमच्याकडे नुकताच कामाला लागलेला. तेवढ्यात कोपऱ्यावरून वरात आली. बँड, घोडा सगळं. मला घोड्यावरचा नवरा बघायचा होता. स्वतःचा बघून महिनाच झाला होता, तरी दुसऱ्याचा बघायची हौस! मी दोनच पावलं गेले. शिडी घसरली. मागे बघते तर बाशा दिव्याच्या खांबाला मिठी मारून लोंबकळतोय, आणि आदबीनं म्हणतोय, "अक्का, शिडी."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर जन्मभर, प्रत्येक वेळी, पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी तो मला विचारायचा, "धरली का, अक्का?" आणि मी म्हणायची, "धरली रे बाबा, चढ." यांच्या तेराव्याच्या मंडपातही विचारलं. मी रडत रडत म्हटलं, "धरली."

दुसरा नियम म्हणजे माइकवाल्याला मत नसतं. जो आधी बुकिंग करेल त्याला सेट. सकाळी भजन, संध्याकाळी संप, मधे एखादं बारसं. आमचा एकच अँप्लिफायर एकाच आठवड्यात रामनवमीलाही गेलाय आणि उरुसालाही, आणि दोन्हीकडे सारखाच तापलाय.

नियम मोडलाच नाही असंही नाही. एका रिटायर्ड मुख्याध्यापकांची साठीशांत होती. सत्काराला उत्तर देताना सर बालवर्गापासून सुरू झाले आणि पंगत खोळंबली तरी सातवीच्या पुढे सरकेनात. त्यांच्या मिसेस हळूच माझ्याजवळ येऊन बसल्या, पदर सावरला, आणि समोर बघत म्हणाल्या, "अक्का, स्वल्प बिघडवता येईल का हो?" मी बिघडवला. वायर ओढली आणि खोटंखोटं घाबरले. सगळ्या हॉलनं मला दुवा दिला. तेव्हा मला या सत्तेचं फार कौतुक वाटलं होतं. हातात बटण असलेल्या माणसावर लोक संशय का घेतात, हे कळायला पुढची तीस वर्षं लागली.

ते कळलं त्या सुनावणीत.

शहराच्या कडेला एक तळं आहे. आता त्याला तळं म्हणायला धीर लागतो. त्याच्या एका अंगाला मारम्माचं छोटं देऊळ, आणि हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या छपराची नमाजाची जागा. दोन्ही जुनी. पत्र्याचं छप्पर गळायचं, शुक्रवारी माणसं रस्त्यावर बसायची, म्हणून तिथल्या लोकांनी तिथं पक्की, दुमजली मशीद बांधायची परवानगी मागितली. देवळाकडच्यांचं म्हणणं, ही तळ्याची जमीन आहे, आणि मारम्माचा रथ वळतो तो नेमका इथंच. त्यातलं खरं किती, खोटं किती, मी सांगू शकत नाही. पण बोर्ड लागले, बोर्ड फाडले गेले, एका रात्री कुणीतरी पत्र्यावर दगड मारले, दुसऱ्या दिवशी देवळाचा दिवा फुटला. मग वरून हुकूम आला की सगळ्यांचं म्हणणं जाहीर ऐकायचं. जागा, जवळचं कल्याण मंटप. म्हणजे लग्नाचा हॉल. माइक आमचा.

माझा मुलगा अनिल इलेक्ट्रॉनिक सिटीत असतो. त्याचा फोन आला. "आई, प्लीज, हे बुकिंग सोड. रिस्क कशाला? आणि बाशाकाकांना तर नेऊच नकोस."

"मग शिडीवर तू चढतोस?" मी म्हटलं. त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, जिंकले. म्हातारपणी माणूस शहाणा होतो असं मानणाऱ्यांनी तेव्हा मला बघायला हवं होतं. पासष्टीच्या घरातली बाई, आणि अक्कल अजून त्या वरातीतच.

मग दोन्हीकडून फोन आले. पहिला लोकेशचा. हा आमच्याच गल्लीत वाढला, शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमच्याच माइकसमोर कविता विसरला होता. आता घर तळ्याजवळ, पण गल्लीचा गणपती अजून त्याच्याच हातात. मशिदीला विरोध करणाऱ्यांचा तो पुढारी. म्हणाला, "अक्का, तुम्ही आपल्या. पण बटणावर कोण बसणार? तुमचा तो बाशा आमचा आवाज बंद करेल."

दुसरा मशिदीच्या कमिटीतल्या वयस्कर हाजीसाबांचा. फार अदबशीर माणूस. "बहनजी, बुरा नक्को मानो. मशीन पे कौन बैठेगा? तुमी तर तिकडच्या."

दोघांना एकच भीती. मला हसू आलं. मी दोघांना सांगितलं, मशीन हॉलच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं ठेवते. एका खुर्चीवर मी, एका खुर्चीवर बाशा. ज्याला संशय येईल त्यानं येऊन बघावं.

बाशाला विचारलं, "येशील ना?"

तो सोल्डरिंग करत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमी शिडी धरणार तर येतो."

त्या दिवशी हॉलमध्ये अजून आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा होत्या. मधे वाट सोडून डाव्या बाजूला देवळाकडचे, उजव्या बाजूला मशिदीकडचे. मधल्या वाटेत आम्ही दोघं, समोर मशीन, दोन्ही बाजूंना एकेक उभा माइक. भिंतींना लागून पोलीस. व्यासपीठावर अधिकारीबाई, चष्मा नाकावर. त्यांनी सांगितलं, एक जण बोलेल, बाकीचे ऐकतील.

पहिला तास बरा गेला. उजवीकडचा एक पोरगा म्हणाला, पावसात माझे अब्बा चिखलात नमाज पढतात, तुम्ही तुमच्या अप्पांना बसवाल का? डावीकडचा एक जण म्हणाला, तळं बुजवून देव करू नका, कुणाचाच. दोन्हीकडच्या चार-पाच जणांनी पार्किंगचं गाऱ्हाणं मांडलं, आणि त्यावर तेवढ्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. बाशा माझ्या कानात म्हणाला, "अक्का, पार्किंगवर मिटेल बघा."

पण माइकवाल्याला एक गोष्ट कळते, ती इतरांना कळत नाही. गर्दी फिरायच्या आधी तिचा आवाज बदलतो. मशीनवर आवाजाबरोबर नाचणारी एक सुई असते. कुणी बोलत नसलं तरी ती थोडी हलत राहते, खुर्च्या, खोकला, कुजबुज. ती सुई हळूहळू वर चढत होती. कुणीच ओरडत नव्हतं. नुसत्या कुजबुजीनं ती चढत होती.

लोकेश बोलायला उभा राहिला. तो चांगला बोलतो, कविता विसरणारा राहिला नाही आता. दोन वाक्यं झाली, तिसऱ्याला डाव्या खांबावरचा स्पीकरचा डबा मेला. उजवीकडे आवाज जात होता, लोकेशच्या स्वतःच्या लोकांना मात्र काही ऐकू येत नव्हतं.

आधी एक जण म्हणाला, मग पाच जण, मग अर्धा हॉल. "बंद केला! बंद केला!"

मी हात वर केले. दोन्ही. रिकामे. सासूबाईंसमोरही कधी इतकी गरीब दिसले नव्हते.

"मशीन चालू आहे," मी म्हटलं. "वर डब्याची वायर सुटली असेल."

अधिकारीबाई म्हणाल्या, "मग लावा. लवकर."

"तो नको," डावीकडून आवाज आला. "दुसरा माणूस पाठवा."

दुसरा माणूस नव्हता. बाशा उठला, पेचकस खिशात टाकला, शिडी उचलली. ती आमची बांबूची शिडी, त्याच्याएवढीच जुनी वाटायची. आम्ही त्या खांबाकडे निघालो. लोकांनी खुर्च्या सरकवल्या नाहीत. आम्ही गुडघ्यांमधून वाट काढत गेलो, "सरी, सरी, थोडं सरका" म्हणत. एका हातभर अंतरावरून मोबाइल आमच्याकडे वळले होते. खांबाला शिडी लावली. बाशानं पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज फक्त मला आला.

"धरली का, अक्का?"

"धरली. चढ."

तो वर गेला. मी दोन्ही हातांनी शिडी धरून, नियमाप्रमाणे समोरच्या खांबाकडे बघत उभी. खांबावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. मागून आवाज येत होते. "वर काय लावतोय बघा." "शूट कर, शूट कर." कुणाचा तरी श्वास माझ्या मानेवर. तेवढ्यात वरून पेचकस सुटला, पायऱ्यांवर आपटत खाली आला आणि खुर्च्यांखाली गेला.

सगळे गप्प झाले. मशीनच्या सुईचं काय झालं असेल असं उगाच मनात आलं.

मला शिडी सोडता येत नव्हती. बाशाला उतरता येत नव्हतं. कुणी वाकलं नाही. मी कुणाला तरी "द्या हो" म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. जन्मभर लोकांचा आवाज मोठा केला, आणि स्वतःचा मात्र चार जणांत निघेना.

शेवटी मारम्माच्या देवळातली एक म्हातारी वाकली. माझ्यापेक्षाही म्हातारी. खुर्चीखालून पेचकस काढला, वर धरला आणि बाशावर खेकसली, "घे रे, हे घे! लवकर कर, माझं बोलायचं राहिलंय."

बाशा दोन पायऱ्या खाली आला, पेचकस घेतला, परत वर गेला. त्याच वेळी मागून लोंढा पुढं सरकला, आणि शिडीवर, माझ्या हातांच्या वर, आणखी दोन हात आले. मनगटाला लाल धागा. लोकेशचे.

शिडी हलायला लागली.

थोडी नाही. तळहातांना हिसके बसत होते. मी लोकेशकडे पाहिलं, तो माझ्याकडे बघत नव्हता, वर बघत होता. मी म्हटलं, "लोकेश, नको. बाळा, नको." त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. वरून बाशानं खाली पाहिलं. इतक्या वर्षांत तो वरून कधी खाली बघायचा नाही. त्याला ते हात दिसले. त्याचं तोंड मी नंतर विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

डबा वाजला. त्यातून एकदम सगळ्या हॉलचा गोंगाट बाहेर आला. बाशा उतरला. पोलीस मधे आले. लोकेश माइककडे गेला, म्हातारी त्याच्यानंतर बोलली, फार वेळ बोलली. संध्याकाळी अधिकारीबाई म्हणाल्या, दोन्हीकडचं म्हणणं ऐकलं, निर्णय कळवू. कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं, सुनावणी शांततेत.

पण मोबाइलवर वेगळंच आलं. बाशा शिडीवर, हात डब्यात, आणि खाली लिहिलेलं, बघा, यांचा माणूस आमच्या माइकमध्ये काय करतोय. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आलं, अनिलच्या ऑफिसमध्ये आलं, बाशाच्या धाकट्या मुलीच्या कॉलेजमध्ये आलं. मी कितीतरी दिवस दुकानाचं शटर अर्धंच उघडत होते. बाहेर स्कूटर थांबली की आम्ही दोघं बोलायचं थांबायचो. थांबून ती पुढं गेली की बाशा परत सोल्डरिंगला लागायचा.

मग तो म्हणाला, "अक्का, गुडघे दुखतात. चढवत नाही आता."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"म्हातारा झालो."

गुडघे दुखत नव्हते. दुकानाच्या माळ्यावर रोज दहा वेळा जायचा. चढायची कामं मी नाकारायला लागले. नाकारताना सांगायचे, सेट बाहेर गेलाय. सेट समोर बसलेला असायचा.

मशिदीचं प्रकरण कोर्टात गेलं, अजून तिथंच आहे. जागेला हिरव्या पत्र्यांचं कुंपण आहे. पत्र्याचं छप्पर अजून गळतं, रथ अजून तिथंच वळतो.

गणपती आले. लोकेशचा फोन. "अक्का, नेहमीसारखा सेट. गल्लीच्या दोन्ही टोकांना कर्णे. पण यंदा बाशाला नको. आपल्यातलाच कुणी पाठवा. त्याच्याच भल्यासाठी म्हणतोय, उगाच कुणी काही बोललं तर."

बाशानं पस्तीस-चाळीस वर्षं त्या गणपतीचे कर्णे बांधले होते. कुठल्या खांबाला खिळा आहे, कुठली गच्ची हलते, त्यालाच माहीत. मला रागानं बोलायचं होतं. पण डोळ्यांपुढे ती हलणारी शिडी आली. म्हटलं, "सरी. तसंच करते."

गणपतीच्या दिवशी मी टेंपोतून सेट घेऊन गेले. बाशाला म्हटलं होतं, तू टेंपोत बस, उतरू नकोस, कर्ण्यांची वायर तेवढी तयार ठेव. पोरांनी सामान उतरवलं. मी शिडी खांबाला लावली, पदर खोचला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अक्का! अक्का, काय करता!" लोकेश धावला. "उतरा! पडाल!"

"आपल्यातलाच हवा होता ना?" मी म्हटलं. "मी कोणातली?"

चढले मी दोन पायऱ्या. तिसरी चढले ती केवळ हट्टानं. इतकी वर्षं खालून "चढ रे बाबा, काय होतंय" म्हणत होते, पण वरून जग कसं दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. वरून माणसं दिसत नाहीत. फक्त शिडी धरलेले हात दिसतात. ते कुणाचे आहेत, धरतायत की ओढतायत, यावर सगळं.

शिडी हलायला लागली. तशीच, सुनावणीच्या दिवशीसारखीच, हिसके देत. मी खाली पाहिलं. लोकेशचे हात, तोच लाल धागा. बोटं इतकी घट्ट आवळलेली की पांढरी पडली होती. ते हात हलत नव्हते. हलत होते ते माझे गुडघे.

मी उतरले. लोकेश घामानं भिजला होता. मला म्हणाला, "अक्का, त्या दिवशीही मी धरलीच होती. मागून लोक ढकलत होते. तुम्ही मला नको नको म्हणत होतात." तो खरं बोलत असेल. मला आज वाटतं, बोलत असेल. पण मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि त्या दिवशी वर मी नव्हते.

मग त्यानंच टेंपोकडे बघून हाक मारली. "बाशाभाई, या. मी धरतो."

बाशा उतरला. हळूहळू आला. मी त्याला लोकेशचं म्हणणं सांगितलं, माझ्या गुडघ्यांचंही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. लोकेश एका बाजूनं शिडी धरून उभा, मी दुसऱ्या बाजूनं. बाशा बराच वेळ शिडीकडे बघत राहिला, खालपासून वरपर्यंत. मी वाट बघत होते. तो विचारेल म्हणून. माझं उत्तर तयार होतं.

त्यानं विचारलं नाही.

"असेल धरली, अक्का," तो म्हणाला. "कर्णे यंदा खालीच ठेवू या."

दोन्ही टोकांना एकेक स्टूल ठेवलं आणि त्यावर कर्णे. आरती सुरू झाली. पुढच्या चार जणांनी कानावर हात ठेवले. चौथ्या घराच्या पुढं काहीच ऐकू गेलं नाही. दरवर्षी आवाजाबद्दल भांडणारी शेवटच्या घरातली म्हातारी गॅलरीत येऊन उभी राहिली, वाट बघून आत गेली.

शिडी लोकेश आणि मी दोघांनी मिळून टेंपोत ठेवली.